अक्षराच्या पोटात काय असतं?

एका कागदावर मोठ्ठा ‘म’ काढा. शेजारी तेवढाच मोठ्ठा ‘भ’. त्यांच्याखाली ‘घ’ आणि ‘ध’, आणि त्यांच्याखाली ‘य’ आणि ‘थ’. काढलेत? आता बोटानं दाखवा, या जोड्यांमध्ये फरक कुठे कुठे आहे.

‘भ’ला एक वळसा जास्त आहे, ‘ध’ला आणि ‘थ’लाही आहे, हे तुम्ही लगेच दाखवाल. पण आणखी एक गंमत आहे. म, घ, य यांच्या डोक्यावरची शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते. भ, ध, थ यांच्या डोक्यावर ती तुटते. तिथे थोडी मोकळी जागा असते. शाई नाही, रेघ नाही, काहीच नाही. ही ‘काहीच नाही’वाली जागा बुजवून टाकली तर काय होईल? ताटातल्या ‘भात’ची ‘मात’ होईल, आणि म्हशीची ‘धार’ काढायला गेलेल्या माणसाच्या हातावर ‘घार’ येऊन बसेल.

म्हणजे अक्षरातली मोकळी जागा उगाच उरलेली नसते. ती किती रुंद ठेवायची, कुठे ठेवायची, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. छापलेल्या प्रत्येक अक्षरात ठरवलेलं असतं. तुमच्या हातातल्या या पानावरही.

माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ते माझ्या भाचीमुळे आलं. ती कोल्हापुरात डिझाइन शिकते, घर शिरोळला. एका सत्रात तिच्या सरांनी वर्गाला एक विचित्र काम दिलं. नवीन काही काढायचं नाही. पोस्टर नाही, चित्र नाही. प्रत्येकानं एकच टाइपफेस निवडायचा आणि सत्रभर तेवढाच बघायचा. टाइपफेस म्हणजे एकाच घाटाची, एकमेकांना शोभून दिसणारी सगळी अक्षरं, अंक, काना-मात्रा, जोडाक्षरं आणि विरामचिन्हं. बोलताना आपण सरसकट फॉन्ट म्हणतो. चालतं.

“अक्षरं बघायची व्हय? वाचायची न्हाईत?” आजीनं विचारलं.

“न्हाई आजी, वाचायचीच न्हाईत,” भाची म्हणाली.

आजीला ती चेष्टा वाटली, पण पोरगी खरं बोलत होती. वाचता येणाऱ्या माणसाला अक्षराचा आकार दिसेनासा होतो. ‘शिरोळ’ असं लिहिलेलं दिसलं की डोकं झटकन गावाकडे धावतं, ‘श’ची गाठ कशी आहे आणि ‘ळ’चे दोन गोल सारखे आहेत का, इकडे लक्षच जात नाही. म्हणून अक्षरांचा अभ्यास करणारे लोक एक युक्ती करतात: कागद उलटा धरतात. डोकं खाली, पाय वर. मग शब्द वाचता येत नाही आणि आकार दिसायला लागतो. आत्ता करून बघा. मासिक उलटं धरलंत म्हणून कुणी रागावलं तर माझं नाव सांगा.

भाचीनं निवडलेल्या टाइपफेसचं नाव आहे ‘मोदक’.

नाव वाचून हसलात ना? पण हे नाव अगदी बरोबर आहे. मुंबईत ‘एक टाइप’ नावाचा अक्षर घडवणाऱ्यांचा एक गट आहे. तुम्ही कदाचित त्यांचा ‘बालू’ हा गुबगुबीत फॉन्ट पाहिला असेल. तो देवनागरीसकट नऊ भारतीय लिप्यांमध्ये मिळतो. ‘मोदक’ त्याच गटाचा. सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला. आधी हातानं कागदावर रेखाटला आणि मग कॉम्प्युटरवर घेतला. हा टाइपफेस इतका जाड आहे, इतका जाड आहे, की देवनागरीत याच्याइतकं लठ्ठ दुसरं कुणी मला तरी दिसलेलं नाही. एकेक अक्षर सारण ठासून भरलेल्या मोदकासारखं टम्म.

आता विचार करा, अक्षर जाड करायचं म्हणजे नक्की काय करायचं? पेन्सिलीनं काढलेल्या रेघेवर जाड स्केचपेन फिरवायचं, झालं. एवढंच ना? करून बघा. एक सेंटिमीटर उंचीचा ‘ष’ काढा आणि तुमच्याकडच्या सगळ्यात जाड मार्करनं तो गिरवा. काय झालं? काळा ठोकळा झाला. ‘ष’ होता की ‘प’ होता, ओळखता येत नाही.

यात साधं गणित आहे. समजा, ‘व’च्या पोटातली मोकळी जागा दहा मिलिमीटर रुंद आहे. रेघ दोन्ही बाजूंनी आतल्या अंगाला तीन-तीन मिलिमीटर जाड केली. पोटात उरले चार. आणखी दोन-दोन मिलिमीटर वाढवली तर उरलं शून्य. बरं, बाहेरच्या अंगाला वाढावं तर शेजारी दुसरं अक्षर उभं आहे, वर शिरोरेषेची हद्द आहे, खाली उकार यायचा आहे. अक्षर लठ्ठ व्हायला लागलं की त्याची चरबी आतच जाते आणि पोटातला मोकळेपणा खाऊन टाकते.

मग ‘मोदक’ घडवणाऱ्यांनी काय केलं? पोकळी राखण्याचा हट्टच सोडला. पोट जवळजवळ पूर्ण भरून टाकलं आणि तिथे फक्त एक बारीकशी पांढरी फट ठेवली. ‘व’च्या पोटात फट. ‘क’च्या पोटात फट. जिथे दोन अवयव एकमेकांना भिडतात तिथे फट. आणि डोळा किती हुशार बघा: त्याला तेवढी फट पुरते! पोट इथे आहे, वळसा इथून गेलाय, दांडा तिथे आहे, हे सगळं तो त्या एका पांढऱ्या रेघेवरून ताडतो.

पण मग अख्खा भार त्या फटीवर आला. ती केसभर सरकली तरी अक्षराचा तोल जातो. भाचीनं काय केलं, एकेक अक्षर कागदभर मोठं करून छापलं आणि काळ्या भागाला हात न लावता फक्त पांढरा भाग लाल रंगानं रंगवला. मग काळ्या भागाकडे दुर्लक्ष करून नुसते लाल आकार वहीत उतरवून घेतले. तिच्या वहीची ती पानं मी पाहिली. अळ्यांसारखे, कोयत्यांसारखे, स्वल्पविरामांसारखे लाल तुकडे. अक्षर एकही नाही. तरी त्यातला ‘ध’ कुठला आणि ‘घ’ कुठला, हे मला ओळखता आलं, कारण ‘ध’च्या लाल तुकड्याला वर बाहेर पडायला वाट होती आणि ‘घ’च्या तुकड्याला नव्हती.

रंगवता रंगवता तिला डोळ्याच्या लबाड्याही सापडल्या. एक उभी पट्टी आणि एक आडवी पट्टी अगदी सारख्या जाडीची काढा. आडवी जास्त जाड दिसते! पट्टीनं मोजा, सारखीच आहे. पुन्हा बघा, जाडच दिसते. म्हणून चांगल्या टाइपफेसमध्ये आडव्या रेघा बहुतेक वेळा किंचित बारीक ठेवतात, म्हणजे त्या उभ्या रेघांइतक्या दिसतात. गोलाचंही असंच. चौकोन आणि गोल एकाच उंचीचे काढले तर गोल छोटा वाटतो, म्हणून गोल भाग हळूच थोडा मोठा करतात. टाइपफेस घडवणारा माणूस मोजपट्टी वापरतो, पण शेवटी ऐकतो डोळ्याचं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कॉम्प्युटर आल्यावरचं. छे! शिरोळ तालुक्यातच आठशे वर्षांपूर्वीची अक्षरं उभी आहेत. कृष्णेच्या काठी खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या स्वर्गमंडपाच्या छतात मधोमध मोठं गोल छिद्र आहे, वर थेट आभाळ दिसतं, ते बघायला सगळे माना वर करतात. मी म्हणतो, जरा मान खाली करा आणि बाहेरच्या भिंतीकडेही बघा. तिथे जुने कन्नड लेख आहेत, आणि दक्षिणेकडच्या दाराजवळ एक संस्कृत लेख आहे देवनागरी अक्षरांत. तेराव्या शतकातला, यादव राजा सिंघण याच्या काळातला. (हात लावू नका, आणि खडूनं उजळू तर अजिबात नका. दगड झिजतो.)

हा लेख कोरणाऱ्याचं काम कसं असेल, कल्पना करा. त्याच्याकडे शाई नाही. छिन्नीनं दगड काढून टाकायचा. जिथला दगड गेला तिथे खळगी, आणि ती खळगी म्हणजेच अक्षर! ‘व’च्या पोटातला दगड मात्र जपायचा. घाव जरा जोरात बसला की पोटातला टवका उडून जाणार आणि ‘व’च्या जागी एक खड्डा राहणार. तो टवका परत चिकटवता येत नाही. खोडरबर नावाची वस्तू दगडासाठी निघालेलीच नाही.

पोत्यांवर किंवा खोक्यांवर नाव उमटवायला पत्र्याची स्टेन्सिल करतात, तिथे हीच अडचण दुसऱ्या बाजूनं येते. पुठ्ठ्यातून ‘व’ कापून बघा. बाहेरची रेघ कापली, आतली रेघ कापली, आणि टप! पोटाचा तुकडा खाली पडला. म्हणून स्टेन्सिल कापणारा पोटाला बाहेरच्या पुठ्ठ्याशी जोडणारी एक बारीक पट्टी ठेवतो. स्टेन्सिलची अक्षरं मध्ये मध्ये तुटलेली दिसतात ती याचमुळे. पोट धरून ठेवायला तो पूल लागतो.

शिरोळमध्ये आणि जयसिंगपुरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, दुकानाच्या फळीवर हातानं नावं रंगवणारे पेंटर अजून आहेत. फ्लेक्सनं त्यांचं काम बरंच खाल्लं. भाची त्यातल्या एका पेंटरकाकांच्या शेजारी बसून राहिली. तिला वाटलं होतं, काका एका फटक्यात अक्षर काढत असतील. काकांनी आधी लाल रंगानं अक्षराचा ढोबळ आकार भरला, आणि मग पार्श्वभूमीचा पिवळा रंग घेऊन तो आकार बाहेरून आणि आतून कापत आणला. म्हणजे ‘क’चं पोट त्यांनी पिवळ्यानं काढलं! काकांनी ‘मोदक’चा छापील कागद हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “पोट लईच सुटलंय, पण वाचाय येतंय की.” डोळे बारीक करून बघणं ही पेंटर लोकांची जुनी कसोटी आहे. बारकावे पुसट होतात आणि मोठा आकार तेवढा उरतो. लांबून अक्षर कसं दिसेल, ते जवळूनच कळतं.

आता थोडं मुंबईला जाऊ, कारण मराठी अक्षरांची गोष्ट जावजी दादाजींना टाळून सांगता येत नाही.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ सालचा. घरची गरिबी. लहानपणीच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम नावाचे गृहस्थ मराठी अक्षरांचे साचे घडवत. हा मुलगा बघत बघत शिकला. पुढे १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ हा छापखाना. त्यांचे सोबती होते राणोजी रावजी आरू. अक्षर कोरण्यात यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ‘निर्णयसागर’ची अक्षरं इतकी देखणी निघाली की संस्कृत आणि मराठी पुस्तकांसाठी तो टाइप देशभर नावाजला गेला. आणि तुमच्या कामाची बातमी म्हणजे, विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी सुरू केलेलं ‘बालबोध’ मासिक याच छापखान्यातून निघत असे. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनी कदाचित ते वाचलं असेल.

त्या काळी अक्षर म्हणजे हातात धरायची वस्तू होती. छापखान्यात त्याला म्हणत खिळा. असे खिळे एकेक करून ओळीत लावणारा तो जुळारी. पण खिळा तयार कसा होई?

आधी पोलादाची एक छोटी कांडी घ्यायची. तिच्या टोकावर कानस आणि छिन्नीनं अक्षर कोरायचं, तेही आरशात दिसतं तसं उलटं, आणि आकार केवढा? छापलेल्या अक्षराएवढाच. काही मिलिमीटर! या कांडीला म्हणतात पंच. मग हा पंच तापवून कडक करायचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठेवून ठोकायचा. तांबं मऊ, पोलाद कठीण. तांब्यात अक्षराचा सुलट खड्डा पडतो. हा झाला साचा. त्यावर वितळलेला धातू ओतला की उलट अक्षराचा खिळा मिळतो, आणि त्याला शाई लावून कागदावर दाबला की अक्षर सुलट. उलट, सुलट, उलट, सुलट. मोजलंत ना?

खिळ्याचा धातू शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण असतो. शिसं स्वस्त आणि लवकर वितळणारं, साधारण ३२७ अंश सेल्सिअसला. मिश्रण तर त्याच्याही आधी वितळतं. पण नुसतं शिसं फार मऊ, छपाईच्या यंत्राखाली चेपून जाईल. शिवाय बहुतेक धातू थंड होताना आकसतात, आणि आकसलेल्या खिळ्याची कड बोथट होते. अँटिमनी मिसळलं की खिळा कडक होतो आणि आकसणंही फार कमी होतं, त्यामुळे साच्यातला बारीकसारीक कोपरा जसाच्या तसा उतरतो.

पण पंचावर पोट कसं कोरायचं? बाहेरून कानस फिरवता येते. ‘व’च्या पोटात, दोन मिलिमीटरच्या जागेत, कानस शिरणार कशी? पंच कोरणाऱ्यांची यावर एक जुनी युक्ती होती आणि मला ती फार आवडते. ते आधी दुसरी एक कांडी घेत आणि तिच्यावर पोटाचा आकार कोरत, फक्त पोटाचा. मग ही कांडी पंचाच्या टोकावर ठोकून तिथे पोटाचा खड्डा पाडत. आणि नंतर त्या खड्ड्याभोवती, बाहेरून, अक्षर कोरत. म्हणजे ज्याला आपण ‘काहीच नाही’ म्हणालो, ते सगळ्यात आधी जन्माला येई आणि अक्षर त्याच्याभोवती उभं राही. मध्ये मध्ये पंच दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, टोकाला काजळी धरली की कागदावर दाबायचा आणि उमटलेलं अक्षर तपासायचं. आवडलं नाही तर पुन्हा कानस.

एवढ्यानंही काम संपत नसे, कारण शाई खोडकर असते. खिळा दाबला की ती कडेनं पसरते आणि अरुंद जागेत घुसते. पोट लहान असेल तर भरून जातं. म्हणून बारीक टाइपात पोटं जरा ऐसपैस ठेवावी लागतात. अमेरिकेत याचा एक मासलेवाईक नमुना झाला. तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीत नावं फार बारीक छापायची असत, कागद हलका, छपाई वेगात. मॅथ्यू कार्टर या अक्षरकारानं त्यासाठी १९७८ मध्ये ‘बेल सेंटेनिअल’ नावाचा टाइपफेस तयार केला आणि जिथे दोन रेघा मिळतात त्या कोपऱ्यांत मुद्दाम खाचा पाडल्या. मोठा करून पाहिला तर अक्षर उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. पण छापताना शाई पसरून त्या खाचा भरत आणि अक्षर स्वच्छ उमटे. शाईची खोड मोडत बसण्यापेक्षा तिच्यासाठी आधीच जागा करून ठेवली!

‘मोदक’ला शाईची एवढी भीती नाही, कारण तो मोठ्या आकारासाठीच आहे. पण लहान आकारात छापला तर त्याच्या फटी बुजतात. भाचीनं तो लहान लहान करत छापून पाहिला आणि एका ठिकाणी सगळी अक्षरं काळ्या गोळ्या झाली. म्हणून पुस्तकाच्या मजकुराला ‘मोदक’ चालत नाही. औषधाच्या बाटलीवर, परीक्षेच्या पेपरात, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तर मुळीच नको! अशा कामांना शांत, मोकळ्या पोटाची अक्षरं लागतात. विंडोजच्या कॉम्प्युटरवर बरीच वर्षं दिसणारा ‘मंगल’ फॉन्ट तसा आहे. तो प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. ते मुंबईच्या आयआयटीत शिकवत असत. ‘मंगल’ कंटाळवाणा आहे असं काही डिझाइनवाले नाक मुरडून म्हणतात. म्हणोत. कार्यालयात अर्ज लिहिताना अक्षरानं नाचू नये, असं माझं मत आहे.

कॉम्प्युटरमध्ये मात्र शिसं नाही, शाई नाही आणि पोलादही नाही. मग तिथे अक्षराचं पोट कशाचं असतं?

इथे भाचीला सगळ्यात मोठं आश्चर्य सापडलं. फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षराचं चित्र रंगवून ठेवलेलं नसतं. एक काल्पनिक चौकोन असतो, त्याच्या बाजूचे बहुधा एक हजार किंवा २०४८ सारखे भाग केलेले असतात, आणि त्यावर ठिपके असतात. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत सरळ जा, मग असं वळ, मग तसं वळ, अशा सूचना. रांगोळीचे ठिपके जोडता तसं समजा, फक्त इथे रेघांना वळणंही सांगितलेली असतात. रेघ फिरून पुन्हा पहिल्या ठिपक्याशी आली की आतला भाग कॉम्प्युटर काळा भरतो. मग ‘व’चं पोट? त्यासाठी आत दुसरी बंद रेघ काढतात. पण कॉम्प्युटरला कसं कळावं की हा भाग भरायचा नाही? उत्तर ऐका: आतली रेघ उलट्या दिशेनं काढतात! बाहेरची रेघ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गेली असेल, तर आतली काट्यांच्या विरुद्ध. उलट दिशा म्हणजे भोक. दिशा चुकली की पोट भरून जातं आणि ‘व’चा पुन्हा ठोकळा होतो.

आणि हे झालं एका अक्षराचं. देवनागरीच्या एका फॉन्टमध्ये असे आकार शेकड्यांनी लागतात, कारण आपल्याला क्ष, त्र, ज्ञ, श्र, द्ध, ष्ट आणि त्यांची सगळी नातेवाईक मंडळी हवी असतात. शिवाय आपला शाळेच्या पुस्तकातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी पुस्तकातल्या ‘ल’, ‘श’पेक्षा वेगळे दिसतात, त्यामुळे काही फॉन्टमध्ये त्यांचे दोन-दोन पोशाख ठेवलेले असतात.

‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द घ्या. आपल्या कानाला चार तुकडे ऐकू येतात: वि, द्या, र्थ्यां, नी. कॉम्प्युटरच्या पोटात मात्र एकामागून एक पंधरा खुणा जातात. व, मग पहिली वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, दुसरी वेलांटी. मोजून बघा. यातली पहिली वेलांटी ‘व’च्या नंतर आली, पण दिसते ‘व’च्या आधी! र आला थच्या आधी, पण रफार होऊन पुढच्या कान्याच्या डोक्यावर जाऊन बसला. या उड्या कुणी मारायच्या आणि कुठे उतरायचं, याचे काही नियम फॉन्टमध्ये आणि काही कॉम्प्युटरच्या अक्षरं मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात. आणि रफाराशेजारी अनुस्वाराचा टिंब यायचा आहे. साध्या फॉन्टमध्ये दोघं आरामात बसतात. ‘मोदक’मध्ये रफारही लठ्ठ, टिंबही लठ्ठ. दोघांना एकाच बाकावर बसवायचं आणि एकमेकांना चिकटू द्यायचं नाही! भाचीनं असे गर्दीचे शब्द गोळा करायला सुरुवात केली. कुर्ऱ्या, मूर्तींना, वर्षांनी, सर्वांशी. शिरोळच्या एसटी स्टँडवर बसून ती पाट्या वाचायची आणि डोक्यावर जास्त बोजा असलेला शब्द दिसला की लिहून घ्यायची. तुम्हीही शोधा. एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिन्ही बसलेत असा ‘मूर्तींना’सारखा आणखी शब्द सापडला तर तो जपून ठेवा, फॉन्ट घडवणाऱ्यांना असे शब्द कसोटीसाठी फार उपयोगी पडतात.

जाता जाता हातानं करायची एक गंमत. पूर्वी बोरूचं टोक तिरकं कापून अक्षर लिहीत, म्हणून जुन्या वळणात एकाच अक्षराची एक रेघ जाड आणि दुसरी बारीक दिसते. बोरू नसेल तर दोन पेन्सिली शेजारी शेजारी धरून रबरबँडनं घट्ट बांधा. दोन्ही टोकं कागदाला टेकलेली ठेवून, हात न फिरवता, सावकाश ‘व’ लिहा. दोन समांतर रेघा उमटतील. कुठे त्या लांब लांब असतील, कुठे एकमेकींना चिकटतील. लांब तिथे बोरूनं जाड रेघ काढली असती, चिकटल्या तिथे बारीक. आता जोडीचा कल उलट्या बाजूला करून तोच ‘व’ पुन्हा लिहा. जाड होतं ते बारीक झालं ना? इंग्रजी सुलेखनाच्या टाकाचा कल आणि आपल्या बोरूचा कल असाच एकमेकांच्या उलट असतो. ‘मोदक’मध्ये हे जाड-बारीक फारसं उरलेलं नाही. सगळंच जाड. पण ‘निर्णयसागर’चं जुनं पुस्तक आजी-आजोबांच्या ट्रंकेत सापडलं तर भिंग घेऊन बघा, बोरू कुठून कुठे गेला असता ते अजून कळतं.

आणि घरी कॉम्प्युटर असेल, किंवा शाळेच्या लॅबमध्ये बाई परवानगी देणार असतील, तर पुढचं काम. ‘मोदक’ फुकट मिळतो. त्याच्या परवान्यात लिहिलंय की कुणीही तो वापरावा, उघडून बघावा, बदलून बघावा, दुसऱ्याला द्यावा. नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही. ‘फॉन्टफोर्ज’ नावाचा प्रोग्रॅमही फुकट आहे, त्यात फॉन्टची फाइल उघडता येते. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा, ही सूचना गमतीची नाही. मग ‘व’ शोधा, त्यावर दोनदा क्लिक करा, आणि पोटातल्या त्या बारीक फटीची रेघ निवडून तिची दिशा उलटी करा. मग बदललेल्या फाइलमधून नवा फॉन्ट तयार करून तो कॉम्प्युटरवर बसवा, त्यात ‘वडा’, ‘विहीर’, ‘वाडी’ असं काहीही टाइप करून छापा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या. कोण काय वाचतं ते लिहून पाठवा. सगळ्यात मजेशीर उत्तरं पुढच्या अंकात छापू, अर्थात साध्या फॉन्टमध्ये.